छत तापू नये म्हणून: आधी ऊन अडवा, मग उष्णता

वरच्या मजल्यावर राहणाऱ्याला उन्हाळ्यातली दुपार एक वेळ सोसते, रात्र सोसत नाही. बाहेर वारा सुटलेला असतो, खाली अंगणात गारवा उतरलेला असतो, आणि आत पंखा लावला की वरून गरम हवेचा झोत अंगावर येतो. अशा रात्री नऊच्या सुमारास स्टुलावर उभं राहून आधी भिंतीला आणि मग छताला तळहात लावून पाहा. भिंत कोमट लागेल, छत तिच्यापेक्षा चांगलंच गरम लागेल. दुपारभर स्लॅबने जे ऊन गिळलं, ते तो आता तीन-चार तासांनी खाली सोडत असतो. घर थंड ठेवायचं असेल तर काम इथे आहे, आणि बरंचसं काम वीज न जाळता होतं.

हा लेख पहिल्यांदाच छताला हात घालणाऱ्यांसाठी आहे. पायऱ्या ज्या क्रमाने दिल्या आहेत त्याच क्रमाने करा. अनेकांचे पैसे वाया जातात ते चुकीच्या वस्तूमुळे नाही, चुकीच्या क्रमामुळे.

उष्णता आत येते कशी

निरभ्र दुपारी सपाट छताच्या दर चौरस मीटरवर साधारण १००० वॉट ऊन पडतं. म्हणजे एका लहान टेबलाएवढ्या जागेवर एक इस्त्री सतत चालू. जुना, करडा, काळवंडलेला काँक्रीटचा पृष्ठभाग त्यातला ७० टक्क्यांच्या आसपास भाग शोषून घेतो. ती उष्णता स्लॅबमधून खाली झिरपते, छताचा आतला पृष्ठभाग तापतो आणि तो खोलीतल्या प्रत्येक वस्तूकडे, आपल्या डोक्याकडेसुद्धा, उष्णता फेकत राहतो. हवेचं तापमान फार नसतानाही वरच्या खोलीत जीव कासावीस होतो तो यामुळे.

एक ढोबळ हिशेब करून दाखवतो. बाहेर ४० अंश, आत ३० अंश, १२ सेंटीमीटरचा स्लॅब, डोक्यावर ९०० वॉटचं ऊन. उघड्या करड्या स्लॅबच्या एका चौरस मीटरमधून खोलीत साधारण १३० वॉट उष्णता येते. त्याच स्लॅबला चांगला पांढरा थर दिला तर ६० वॉटच्या आसपास. पांढरं न करता वर फक्त ५० मिलिमीटर चांगलं इन्सुलेशन घातलं तर २० वॉटच्या आसपास. दोन्ही केलं तर सुमारे १० वॉट. स्लॅबमध्ये साठून राहणारी उष्णता यात धरलेली नाही, त्यामुळे प्रत्यक्षातले आकडे दिवसाच्या वेळेनुसार खालीवर होतील. पण प्रमाण कळतं. नुसत्या पांढऱ्या थराने निम्म्याहून जास्त उष्णता बाहेरच राहते, आणि ते सगळ्यात स्वस्त, सगळ्यात हलकं आणि घरच्या माणसांनाही जमणारं काम आहे.

इन्सुलेशन म्हणजे गारवा नव्हे, हे इथेच पक्कं करून घ्या. इन्सुलेशन उष्णतेची चाल मंद करतं, एवढंच. ज्या उष्णतेला छतावर उतरूच दिलं नाही तिला मंद करण्याची गरज पडत नाही. म्हणून ऊन अडवणं आधी, उष्णता अडवणं नंतर.

पहिली पायरी: खरंच छतच दोषी आहे का, ते मोजा

पश्चिमेच्या उघड्या खिडकीतून ऊन थेट आत येत असेल तर छतावर कितीही खर्च करा, खोली तापणारच. त्यामुळे खरेदीच्या आधी चार-पाच दिवस मोजमाप करा. लांबून तापमान दाखवणारं इन्फ्रारेड थर्मामीटर मिळालं तर उत्तम. दुपारी तीन वाजता आणि रात्री नऊ वाजता, छताचा आतला पृष्ठभाग, प्रत्येक भिंत आणि खोलीची हवा, असे आकडे वहीत लिहा. छत भिंतींपेक्षा चार-पाच अंशांनी किंवा जास्त गरम भरलं तर पुढे वाचा. पश्चिमेची भिंत किंवा खिडकी जास्त गरम असेल तर आधी तिच्यावर बाहेरून सावली करा. पडदा आतून लावून अर्धंच काम होतं, कारण ऊन तोवर काचेच्या आत आलेलं असतं.

या उपकरणाची एक खोड लक्षात असू द्या. चकचकीत पत्र्यावर ते खोटं बोलतं. चमकदार धातू स्वतःची उष्णता फार कमी बाहेर टाकतो आणि आरशासारखं आकाश दाखवतो, त्यामुळे आकडा कमी येतो आणि पत्रा थंड आहे असं वाटतं. पत्र्यावर कागदी चिकटपट्टीचा तुकडा चिकटवा, पाच मिनिटं थांबा आणि त्या पट्टीवर मोजा.

ही वही जपून ठेवा. काम झाल्यावर फरक पडला की नाही, हे तीच सांगेल.

दुसरी पायरी: पाणी

ही पायरी कंटाळवाणी वाटते म्हणून लोक टाळतात. मीही टाळली होती. स्लॅबला एका कोपऱ्यात बारीक ओल होती. वर इन्सुलेशन आणि त्यावर फरशी आली की ती आपोआप बंद होईल, असं मी धरून चाललो. पुढच्या पावसाळ्यात पाणी फरशीखाली शिरलं, इन्सुलेशनच्या पाट्यांखाली पसरलं आणि जिथे मूळ चीर होती तिथून पाच-सहा हात लांब, भलत्याच खोलीत गळू लागलं. चीर कुठे आहे ते शोधायला अर्धी गच्ची उखडावी लागली. उखडलेली एक पाटी हातात घेतली तेव्हा तिच्या कडेतून पाणी निथळत होतं. ओल्या इन्सुलेशनचा उपयोगही उरत नाही. बारीक पोकळ्यांतल्या स्तब्ध हवेमुळे इन्सुलेशन काम करतं, आणि पाणी त्या हवेच्या वीसपटीहून जास्त उष्णता वाहून नेतं.

म्हणून आधी गच्ची झाडून काढा, पन्हाळी मोकळ्या करा, मग पाणी जाण्याची तोंडं बंद करून दोन-तीन बोटं पाणी साठवा आणि २४ ते ४८ तास ठेवा. खाली प्रत्येक खोलीत छत आणि भिंतीचे वरचे कोपरे पाहा. पाणी सोडून दिल्यावर ते कुठे कुठे डबकं करून थांबतं त्या जागांवर खडूने वर्तुळं काढा. उतार दुरुस्त करायचा तो तिथे. चिरा, कठड्याचा कोपरा, पाइप जिथून वर येतात त्याभोवतीची जागा आणि पन्हाळीचं तोंड, या चार ठिकाणी बहुतेक गळती सापडते. कठडा आणि गच्ची मिळतात तिथे काटकोन न ठेवता सिमेंटची गोलाई करून घ्या, म्हणजे वॉटरप्रूफिंगचा थर तिथे चिरत नाही.

तिसरी पायरी: वजनाचा हिशेब

छत किती भार पेलेल हे डोळ्यांनी कळत नाही. १० सेंटीमीटर पाणी साठवलं तर दर चौरस मीटरला १०० किलो. १० सेंटीमीटर ओली माती १५० ते २०० किलो. याउलट ५० मिलिमीटर जाडीच्या फोमच्या पाट्या दीड-दोन किलो. पांढऱ्या रंगाचं वजन तर नावालाच. माती, कुंड्या, फरशी किंवा जाड कोबा यांपैकी काहीही नव्याने चढवणार असाल, आणि विशेषतः इमारत जुनी असेल, सळया उघड्या पडल्या असतील, स्लॅबचे पोपडे पडत असतील, तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय एक पाटीही वर नेऊ नका. पाणी साठवण्याच्या चाचणीआधीसुद्धा अशा छताची तपासणी करून घ्या.

अजून एक समज इथेच दूर करतो. विटांच्या तुकड्यांचा जाड कोबा घातला की गच्ची थंड राहते, असं पुष्कळजण मानतात. वीट आणि सिमेंट उष्णता बऱ्यापैकी वाहून नेतात. १० सेंटीमीटरचा असा कोबा उष्णतेला जेवढा अडवतो तेवढं काम चांगल्या फोमची चार-पाच मिलिमीटरची पट्टी करते. जाडपणामुळे उष्णता उशिरा आत येते हे खरं, पण उशिरा म्हणजे नेमकी झोपायच्या वेळी.

चौथी पायरी: ऊन परतवा

छताच्या पृष्ठभागाकडे दोन गुण हवेत. पडलेलं ऊन परतवणं हा एक, आणि तापलेली उष्णता लवकर आकाशाकडे सोडून देणं हा दुसरा. दोन्ही मिळून सौर परावर्तन निर्देशांक, म्हणजे एसआरआय, हा एकच आकडा काढतात. प्रमाण काळ्या पृष्ठभागाला ० आणि प्रमाण पांढऱ्याला १०० अशी ही मोजपट्टी आहे. रंगाच्या डब्यावर हा आकडा पाहा. डबा शोभेचा पांढरा आहे की छतासाठीचा, हे त्यावरूनच कळतं. उन्हातली जवळपास निम्मी ऊर्जा डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांत असते, त्यामुळे दिसायला सारखे दोन रंग उन्हात वेगवेगळे वागू शकतात.

साधा रस्ता चुन्याचा. कळीचा चुना विरवताना पाणी उकळतं आणि शिंतोडे उडतात. डोळ्यात गेला तर बुबुळ भाजतं. चष्मा आणि हातमोजे घातल्याशिवाय हात लावू नका, मुलांना लांब ठेवा, आणि चुना थोडा थोडा करून पाण्यात टाका, चुन्यावर पाणी ओतू नका. विरलेला चुना फडक्यातून गाळून दुधासारखा पातळ करा. गच्ची घासून धुऊन, ओलसर असतानाच कुंच्याने पातळ थर द्या. पहिला हात मारताना हमखास घाबरायला होतं, कारण ओला चुना जवळपास पारदर्शक दिसतो आणि खालचा करडा स्लॅब तसाच दिसत राहतो. नवखा माणूस इथे चुना घट्ट करतो, आणि मग तो वाळून पापुद्र्यासारखा सुटतो. घाई करू नका. तो वाळता वाळता पांढरा होत जातो. असे दोन-तीन पातळ थर द्या. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन कडक होतो आणि त्यासाठी त्याला ओलावा लागतो, म्हणून भर उन्हात हे काम करायचं नाही. पावसाने चुना धुऊन जातो, दर उन्हाळ्याच्या तोंडावर पुन्हा लावावा लागतो. ज्यांना दरवर्षी एक दिवस देता येतो त्यांना माझा सल्ला हाच राहील, कारण यात प्लास्टिक नाही आणि चुकलं तर धुऊन टाकता येतं.

दुसरा रस्ता म्हणजे छतासाठीच बनवलेला, पाण्यावर आधारलेला पांढरा ॲक्रिलिक थर. तो लवचीक असतो, बारीक चिरा झाकतो आणि काही वर्षं टिकतो. पण खालचा पृष्ठभाग भुसभुशीत असेल तर सोलून निघतो. चाचणी सोपी आहे. धुऊन वाळलेल्या गच्चीवर चिकटपट्टी दाबून लावा आणि झटक्यात ओढा. पट्टीला भुकटी चिकटून आली तर अजून घासायला हवं आणि आधी प्रायमर द्यायला हवा. शेवाळ असेल तर ते मुळासकट काढा. रंगाखाली दडलेलं शेवाळ पहिल्या पावसात वर येतं. सकाळी दव उडालं की काम सुरू करा आणि स्लॅब तापायच्या आत थांबा. तापलेल्या पृष्ठभागावर रंगाची वरची साय आधी धरते आणि खालची वाफ फोड बनून वर येते. दुसरा थर पहिल्याच्या आडव्या दिशेने मारा. एका लिटरमध्ये किती जागा होते ते डब्यावर लिहिलेलं असतं. ठरल्यापेक्षा रंग उरला तर आनंद मानू नका, थर पातळ झाला आहे.

'उष्णतारोधक' म्हणून विकल्या जाणाऱ्या रंगांबद्दल स्पष्ट सांगतो. रंगाचा थर फार तर एक मिलिमीटरचा. एवढ्या जाडीत उत्तमातला उत्तम फोमही नगण्य उष्णता अडवतो, मग रंग काय अडवणार? असा रंग काम करतो तो ऊन परतवून. त्यामुळे किंमत मोजायची ती त्याच्या परावर्तनाची.

पांढरी चकचकीत फरशी किंवा तिच्या तुकड्यांची जडण हा तिसरा पर्याय. टिकाऊ, चालायला-वाळवणाला चांगला, धुवायला सोपा. वजन आणि खर्च मात्र जास्त. आणि पांढरं काहीही करा, तीन गोष्टी आधी पाहा. समोरच्या उंच इमारतीच्या खिडक्यांत त्याची तिरीप जाईल का, ओलं झाल्यावर पाय घसरेल का, आणि छतावरचं पावसाचं पाणी टाकीत साठवत असाल तर तो थर त्या वापराला चालतो का. चुना लावला असेल तर पहिल्या एक-दोन पावसांचं पाणी टाकीत घेऊ नका.

मन मानत नसेल तर आधी एक चौरस मीटर रंगवा. दुपारी दोन वाजता एक तळहात पांढऱ्यावर आणि एक शेजारच्या करड्यावर ठेवा. करड्यावरचा हात लगेच उचलावा लागतो, पांढऱ्यावरचा तसाच ठेवता येतो. घरातल्या शंका घेणाऱ्या माणसाला मी नेहमी एवढंच करून दाखवतो.

पाचवी पायरी: सावली

गच्चीपासून थोडी उंच, खालून वारा खेळेल अशी सावली फार गुणाची. जाळी, बांबूची ताटी, मांडवावरचा वेल, काहीही चालतं, फक्त वादळात उडणार नाही असं बांधा. सौर पॅनेल बसवणार असाल तर तीही सावलीच. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो इथल्या संशोधकांनी २०११ साली मोजलं तेव्हा पॅनेलखालच्या छतापर्यंत पोचणारी उष्णता सुमारे ३८ टक्क्यांनी कमी भरली. पॅनेल बसवण्याआधी खालचं वॉटरप्रूफिंग आणि पांढरा थर उरकून घ्या, नंतर तिथे कुंचा पोचत नाही.

ओलं गोणपाट अंथरणं हा उपाय कोरड्या हवेत जोरदार काम करतो. एक लिटर पाणी उडून जाताना जवळजवळ पाऊण युनिट विजेइतकी उष्णता घेऊन जातं. पण पाणी रोज लागतं, तेही टंचाईच्या दिवसांत. आजारी माणूस घरात आहे आणि उष्णतेची लाट आली आहे, अशा वेळी जरूर करा. कायमचा उपाय म्हणून मी तो सुचवणार नाही.

सहावी पायरी: इन्सुलेशन, आणि ते कुठे

स्लॅबच्या वर घालावं की खाली? जमेल तिथे वरच. वर घातलं की स्लॅब स्वतःच तापत नाही, सारखा प्रसरण-आकुंचन पावून चिरत नाही, आणि रात्री घरातल्या गारव्याचा साठा करून ठेवतो. खालून, म्हणजे छताच्या आतल्या बाजूला लावलं तर स्लॅब आणि वॉटरप्रूफिंग रोज भाजतच राहतात, खोलीची उंची जाते, आणि वरून गळती झाली तर ती दिसायला उशीर होतो. मात्र भाड्याचं घर असेल, गच्ची सगळ्यांची सामाईक असेल किंवा वर जाताच येत नसेल, तर खालून लावणं हाच पर्याय उरतो, आणि तोही काही नसण्यापेक्षा कितीतरी बरा.

जाडी किती? वरच्याच हिशेबातल्या स्लॅबमधून एका अंशाच्या फरकाला दर चौरस मीटरमागे ३.५ वॉट उष्णता जाते. त्यावर २५ मिलिमीटर चांगला फोम घातला की हा आकडा १ च्या जवळ येतो, ५० ला ०.५७, १०० ला ०.३१. पहिल्या २५ मिलिमीटरमध्ये सर्वात मोठी उडी असते. पुढे खर्च तेवढाच वाढतो आणि फायदा कमी होत जातो. नैसर्गिक हवेवर चालणाऱ्या घराला पांढरं छत आणि ५० मिलिमीटर बहुधा पुरतं. दिवसभर एसी चालणाऱ्या इमारतीला जास्त जाडी परवडते.

जाडीपेक्षा फटी महत्त्वाच्या. ५० मिलिमीटरच्या थरात फक्त ५ टक्के जागा उघडी राहिली तर एकूण आत येणारी उष्णता २५ टक्क्यांनी वाढते. पाइपाभोवती, कठड्याच्या कडेला, दोन पाट्यांच्या सांध्यात बोटभर फट म्हणजे काय, ते यावरून लक्षात घ्या. कापूस किंवा लोकरीसारखं इन्सुलेशन दाबून बसवलं तरी तोच तोटा, कारण दाबल्यावर आतली हवा निघून जाते.

आता कोणता माल. पर्यावरणाच्या दृष्टीने हा निर्णय सर्वांत मोलाचा आहे, म्हणून सावकाश वाचा.

बूच, लाकडाच्या तंतूंच्या पाट्या, जुन्या वर्तमानपत्रांपासून केलेला सेल्युलोज, नारळाच्या काथ्याच्या पाट्या हे वनस्पतीजन्य पर्याय. बुचाचं झाड तोडावं लागत नाही, साल काढतात आणि साधारण ९ वर्षांनी ती पुन्हा काढण्याजोगी होते. सेल्युलोजमध्ये आग आणि किडीपासून संरक्षणासाठी बोरेट मिसळतात. हे पदार्थ फोमपेक्षा किंचित जास्त जाड घ्यावे लागतात. फोमच्या ५० मिलिमीटरइतकं काम बूच ६० मिलिमीटरमध्ये करतो. फरक एवढाच. मात्र पाण्याच्या बाबतीत नाजूक म्हणून यांची जागा कौलांखाली, फॉल्स सीलिंगच्या वर, कोरड्या माळ्यावर. उघड्या गच्चीवर काथ्या किंवा पेंढा घातला तर तो कुजेल. दगडी लोकर, म्हणजे दगड वितळवून काढलेल्या तंतूंची गादी, आगीला चांगली, पण बसवताना मास्क आणि पूर्ण बाह्यांचे कपडे हवेत.

गच्चीवर फरशीखाली घालायचं तर बंद पोकळ्यांचा एक्सपीएस फोम पाण्यात टिकतो. थर्माकोल म्हणून आपण ओळखतो तो ईपीएस पाण्याला तेवढा खंबीर नाही, त्यामुळे तो वॉटरप्रूफिंगच्या खाली ठेवावा. फोम घेताना एक प्रश्न जरूर विचारा: फुगवण्यासाठी कोणता वायू वापरला आहे? काही फोम हायड्रोफ्लुओरोकार्बन वायूंनी फुगवलेले असतात. त्यातला एचएफसी-१३४ए हा १०० वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १४३० पट तापवणारा. वीज वाचवायला घातलेल्या पाटीतून असा वायू हळूहळू सुटत राहिला तर वर्षानुवर्षांची बचत त्यातच जाते. या वायूंचा वापर घटवण्यासाठीच २०१६ साली किगाली इथे मॉन्ट्रियल करारात, म्हणजे ओझोन थर वाचवण्यासाठीच्या आंतरराष्ट्रीय करारात, दुरुस्ती झाली. पेंटेन किंवा कार्बन डायऑक्साइडने फुगवलेला माल मागा. विक्रेत्याला उत्तर माहीत नसेल तर उत्पादनाचं माहितीपत्रक मागवून घ्या, त्यात लिहिलेलं असतं. जुन्या बांधकामातून निघालेल्या अखंड, कोरड्या पाट्या मिळाल्या तर त्याहून चांगलं काही नाही.

आगीबद्दल: कोणताही प्लास्टिक फोम खोलीत उघडा ठेवायचा नाही. जिप्समची पाटी किंवा प्लास्टर त्यावर असलंच पाहिजे. फोम जळतो तेव्हा धूरच माणसाला आधी मारतो. वायरींचे सांधे आणि दिव्यांच्या मागची जागा फोमपासून मोकळी ठेवा.

वर बसवायचा क्रम असा: दुरुस्त उतार, त्यावर वॉटरप्रूफिंग, त्यावर एक्सपीएसच्या पाट्या विटांच्या बांधकामासारख्या सांधे चुकवून, त्यावर पाणी झिरपू देणारं विणलेलं कापड, आणि वर जाळी घातलेला चार-पाच सेंटीमीटरचा काँक्रीटचा थर किंवा फरशी. हे वजन तिसऱ्या पायरीच्या हिशेबात धरा. पाट्या दिवसचे दिवस उन्हात उघड्या ठेवू नका, त्या पिवळ्या पडून भुसभुशीत होतात. डांबर वितळवून ओतू नका आणि थिनर असलेला गोंद लावू नका, दोन्हींनी फोम वितळतो. कठड्याच्या आतल्या बाजूनेही थोडं इन्सुलेशन वर चढवा. आणि सगळ्यात वर पुन्हा पांढरा पृष्ठभाग.

दमट प्रदेशात एसी लावणाऱ्यांनी एक इशारा पाळायलाच हवा. थंड देशांतली माहिती वाचून लोक बाष्परोधक पडदा खोलीच्या बाजूला लावतात. उष्ण-दमट हवेत वाफ बाहेरून आत येते, म्हणून तो बाहेरच्या, गरम बाजूला हवा. उलटा लावला तर इन्सुलेशनच्या आत पाणी जमतं आणि बुरशी धरते.

पत्र्याच्या छताचं वेगळं

पत्रा पातळ, त्यामुळे दुपारी क्षणात तापतो आणि रात्री क्षणात निवतो. चकचकीत नवा पत्रा ऊन परतवतो खरा, पण शोषलेली उष्णता सोडत नाही, म्हणून तोही बराच तापतो. पांढऱ्या थराने हे दोन्ही दोष जातात.

त्यानंतर खाली ॲल्युमिनियमचा परावर्तक पडदा लावा. तापलेल्या पत्र्याकडून खाली येणारी उष्णता मुख्यतः किरणांनी येते, आणि हा पडदा त्यातली बहुतांश अडवतो. अट एकच: चमकदार बाजूसमोर किमान दोन-अडीच सेंटीमीटर मोकळी हवा पाहिजे. पत्र्याला चिकटवून टाकला तर तो नुसता धातूचा आणखी एक थर होतो आणि काहीही अडवत नाही. चमक खालच्या पोकळीकडे ठेवा, वर ठेवली तर तिच्यावर धूळ बसून ती निकामी होते. पत्रा आणि फॉल्स सीलिंग यांच्या मधल्या पोकळीला खाली वळचणीपाशी हवा शिरायला आणि वर आढ्यापाशी निघायला वाट करा. नुसती वरची वाट केली तर हवा हलत नाही.

पहाटे पत्र्यातून थेंब पडतात आणि लोक गळती शोधत बसतात. निरभ्र रात्री पत्रा आकाशाकडे उष्णता सोडून भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होतो, आणि आतल्या दमट हवेचं दव त्याच्या खालच्या अंगाला धरतं. पत्र्याला चीर नसताना पहाटेच थेंब पडत असतील तर हेच कारण.

आणि जुन्या सिमेंटच्या पन्हाळी पत्र्यांना हात लावण्याआधी थांबा. त्यांत ॲस्बेस्टॉस असू शकतं. असा पत्रा घासणं, कापणं, भोकं पाडणं किंवा उंचावरून टाकून फोडणं म्हणजे फुप्फुसात जाणारे तंतू हवेत सोडणं. तपासून घेईपर्यंत तो तसाच राहू द्या आणि काम खालून, त्याला धक्का न लावता करा.

काम झाल्यावर

इन्सुलेशन दिवसा उष्णता बाहेर ठेवतं, तसंच रात्री आतली उष्णता आत धरून ठेवतं. स्वयंपाक, माणसं, दिवे यांची उष्णता दिवसभर साठलेली असते. म्हणून सूर्य मावळून बाहेरची हवा आतल्यापेक्षा थंड झाली की समोरासमोरच्या खिडक्या उघडा, आणि सकाळी ऊन चढायच्या आत बंद करून पडदे ओढा. हे न करता "इन्सुलेशन घातलं तरी रात्री उकडतं" अशी तक्रार करणारे खूप भेटतात.

पांढऱ्या छतावर धूळ बसते. नवा असताना ८० टक्के ऊन परतवणारा थर दोन-तीन वर्षांत ६०-६५ टक्क्यांवर येऊ शकतो. उन्हाळ्याआधी एकदा मऊ झाडूने, कमी पाण्यात घासून धुतला की बराचसा पहिल्यासारखा होतो. तारेच्या ब्रशने किंवा ॲसिडने घासू नका. पावसाळ्याआधी पन्हाळीतली पानं काढा, कठड्याच्या गोलाईवर चिरा गेल्या आहेत का ते पाहा, आणि सापडलेली चीर त्याच आठवड्यात भरा.

मग वही काढा. पहिल्यांदा मोजलं होतं तशाच कडक उन्हाच्या दिवशी, त्याच जागी, त्याच दोन वेळांना पुन्हा मोजा. दुपारचा आकडा उतरला पण रात्रीचा नाही, तर खिडक्यांकडे पाहा. दोन्ही उतरले पण एकाच कोपऱ्यात छत गरम राहिलं, तर त्या कोपऱ्याच्या वर जाऊन फट शोधा, बहुधा कठड्याच्या कडेला किंवा पाइपापाशी सापडेल.